यकृताला पावसाळा नसतो, दादा

दादा, तू गेलास त्याच आठवड्यात तुझी तन्वी मागच्या अंगणात लंगडी खेळत होती. सुतकात पोरीने उड्या मारू नयेत म्हणून आई आतून ओरडली. मी म्हटलं, खेळू दे तिला. आईला वाटलं, मला पोरीची दया आली. खरं म्हणजे मला तिचा खेळ बघायचाच नव्हता. मला तिच्या टाचा बघायच्या होत्या. एक पाय वर, एक पाय खाली, आणि मी मागच्या पायरीवर बसून टाचेमागची ती दोरीसारखी नस जाड दिसते का हे चोरून निरखत होते. उजवा पाय झाला, डावा पाय झाला. शेवटी तिच्या लक्षात आलं.

"आते, माज्या पायाक काय लागला?"

"काय नाय गो. खेळ तू."

काही दिसलं नाही. पण अकरा वर्षांच्या पोरीच्या टाचेवर काही दिसतच नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजून मी गप्प झोपायला हवं होतं. मला तसं समजता येत नाही. घरातल्या बाकीच्यांना येतं. तू असतास तर म्हणाला असतास, शिकान डोक्याक ताप करून घेतलंस.

आपल्या घरातल्या पुरुषांच्या गाठी. आजोबांच्या टाचेमागे होत्या, बाबांच्या होत्या, तुझ्या पंचविशीतच आल्या. बोटांच्या सांध्यांवरही, पिवळसर, कडक. गावात त्यांना नाव होतं, रापणीची गाठ. समुद्रात जाळं सोडून किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढत ते वाळूवर आणायचं, ती रापण. पिढ्यान् पिढ्या दोर ओढला म्हणून हातापायांना गाठी आल्या, असा हिशेब. आजोबा त्या पाहुण्यांना दाखवायचे. तूही दाखवायचास. लग्नात वहिनीच्या माहेरच्यांना तू धोतर वर करून टाच दाखवलीस, ते मला अजून आठवतं. आणि आजोबा, बाबा, दोघंही म्हातारे न होताच गेले, हे त्या हिशेबात कुणीच धरलं नव्हतं. आता तूही त्यात आलास.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा पुस्तकात तसल्याच टाचेचा फोटो पाहिला. खाली लिहिलं होतं की हे रक्तातल्या कोलेस्टेरॉलचं साठणं आहे, घराण्यातून येतं. सुट्टीत घरी आले आणि तुला पुस्तकच उघडून दाखवलं.

"दादा, ही रापणीची गाठ नव्हे. बघ हा माणूस. ह्याने समुद्र तरी पाहिलाय का?"

"कोण आसा तो?"

"कुठलातरी गोरा."

"मगे तेची वेगळी."

"अरे, शेजारचा बाबल्या तुझ्याबरोबर तोच दोर ओढतो. त्याला का नाही गाठ?"

"तो खंय ओढता? तो दोर धरून नुसतो उबो ऱ्हवता."

बाबल्या कुंपणापलीकडे जाळं सांधत बसला होता. तिथून त्याने तुला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. वाद तिथेच संपला. आपले बहुतेक वाद असेच संपले, कुणीतरी हसलं की.

पुढे तुझ्या छातीत कळ आली, तुला गोव्याला नेलं, आणि तपासणीचा आकडा बघून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला? तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. घरी आल्यावर म्हणालास, "आता सांग तुजा ता पुस्तकातला." ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. तू ओटीवर, मी तुझ्यासमोर, वहिनी आत चुलीपाशी बांगडे भाजत होती, आणि मी कॉलेजात मुलांना शिकवते तेच तुला शिकवायला बसले होते.

म्हटलं, रक्तातून मासळीच्या पाट्यांसारख्या कोलेस्टेरॉलच्या पाट्या फिरत असतात. यकृताच्या प्रत्येक पेशीच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, एक प्रथिन उभं असतं. त्याला ग्राही म्हणतात.

"गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक नव्हे रे. ग्राही."

"तेच ता. येता, मासळी घेता, जाता. गिऱ्हाईकच मगे."

मी दुरुस्त करणार होते. पण विचार केला, काय चूक आहे? ग्राही पाटी ओळखतो, धरतो, पेशीच्या आत घेऊन जातो, आत पाटी उतरवतो आणि रिकाम्या हाताने पुन्हा बाहेर येऊन उभा राहतो. दिवसभर त्याच्या अशा फेऱ्या चालतात. हा ग्राही बनवण्याची कृती आपल्याला आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोनदा मिळते. आपल्या घराण्यात बापाकडून येणारी कृती बिघडलेली. म्हणून तुझ्या यकृतावर गिऱ्हाइकं अर्धीच. किनाऱ्यावर लिलावाला अर्धेच लोक आले तर काय होतं, ते मी तुला सांगायची गरज नव्हती.

"म्हावरा पडान ऱ्हवता. कुसता."

"इथे कुसत नाही, साठतं. टाचेच्या नसेत, बोटांच्या सांध्यांत. आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत."

तू बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसलास. मग विचारलंस, गोळी काय करता? मी सांगितलं, गोळी यकृताला त्याचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवू देत नाही. घरातलं कमी पडलं की यकृत बाहेरून आणायला निघतं, आणि त्यासाठी ती जी चांगली कृती आहे तिच्यावरून जास्त गिऱ्हाइकं बनवून उभी करतं. ते तुला पटलं. मग मला चढलंच. डॉक्टरांनी पुढे लागली तर म्हणून एका सुईचं नाव काढलं होतं, तेही समजावून टाकावं म्हटलं. एक दुसरं प्रथिन असतं, ते ग्राहीला बाहेरच चिकटतं. ते चिकटलेला ग्राही पाटी घेऊन आत गेला की परत येत नाही. आतच त्याचे तुकडे होतात.

तू मांडीवर थाप मारलीस. "म्हणजे ती गिऱ्हायकाची बायल! एकदा घराक गेलो की परत सोडणा नाय."

आतून वहिनीचा आवाज आला, "तुमका कोण धरून ठेयता? जावा खंय ते."

"आणि सुयेतला औषध काय करता? बायलेक माहेराक धाडता?"

"हो," मी म्हटलं, "अगदी तेच करतं. तिलाच धरून बाजूला नेतं. मग गिऱ्हाईक मोकळं, पुन्हा बाजारात."

"मगे ती सुई आमच्या घरात नको," वहिनी म्हणाली आणि बांगड्यांची ताटली तुझ्यासमोर जरा जोरातच ठेवली.

इतकं हसलो आपण त्या दिवशी. मी निश्चिंत होऊन कुडाळला माझ्या घरी गेले. भावाला कळलं, तो गोळी घेतोय, पुढच्या तपासणीत आकडाही खाली आला. अजून काय हवं होतं?

सुतकात एका दुपारी मी आणि वहिनी तांदूळ निवडत होतो. मी सहज विचारलं, गोळ्या उरल्या असतील ना, त्या औषधवाल्याला परत द्यायच्या का? ती म्हणाली, "पुष्कळ उरल्यात. पावसाळ्यात घेयतच नसत ते."

माझा हात सुपातच राहिला.

"म्हणजे?"

"जून लागलो काय बंद. रापण बंद, गोळी बंद. दोर ओढूचो नाय तर गोळी कशाक, म्हणत. नारळी पुनव झाली काय परत सुरू."

दर पावसाळ्यात, दादा. आकडा खाली आला होता कारण आपण तो मे महिन्यात तपासला होता. माझं सगळं ऐकून घेतलंस, गिऱ्हाइकाची बायको शोधून काढलीस, हसलास, हसवलंस, आणि मनातून तू गाठ रापणीचीच मानत राहिलास. लिलाव बंद असताना गिऱ्हाइकांचं काय काम, असा तुझा हिशेब. यंदाही तू तेच केलंस. यंदा समुद्र लवकर निवळला, नारळी पौर्णिमेनंतरची पहिली मोठी रापण लागली, आणि दोर अर्ध्यावर असताना तू बाबल्याला म्हणालास, जरा बसतंय रे. बाबल्या सांगतो, तू असं कधी म्हणायचास नाहीस, म्हणून तो घाबरला. तो दोर सोडून तुझ्यापाशी आला. त्याने दोर सोडल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

हा वाद तू अर्धा टाकून गेलास. मी काय म्हटलं असतं ते तुला माहीत आहे. यकृताला पावसाळा नसतो, दादा. तिथे बंदी नसते, वादळाचा बावटा लागत नाही. पाट्या येतच राहतात. भांडले असते मी तुझ्याशी, ओटीवरून खाली ओढलं असतं. दोष स्वतःकडे घ्यायला मी तयार नाही. मी तुला नीट सांगितलं होतं, आणि तू अडाणी नव्हतास. तू माझ्यासाठी शाळा सोडलीस, अक्कल सोडली नव्हतीस. म्हणून तर राग येतो. आणि राग येतो म्हणून रडू येतं, आणि मग वाटतं, कशाला रडते, तू तर इथे नाहीस ऐकायला.

माझी तपासणी साफ आली होती तो दिवस आठवतो तुला? त्याच बापाची मी. छापा की काटा, एवढाच प्रश्न होता. मला चांगली कृती मिळाली, तुला बिघडलेली. मी तुला फोनवर सांगताना शब्द शोधत होते. तू म्हणालास, "बरा जाला. एका घरातल्या दोघांनी दोर ओढूक नको." आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगते. तू तर होडीवर देवीच्या नावाखाली पांढऱ्या रंगात एम.एस्सी. असं लिहून घेतलं होतंस. बंदरावर लोक विचारायचे, देवी एम.एस्सी. कधी झाली रे? तू सांगायचास, "देवी नाय, माजी बाय." म्हणजे मी. कॉलेज मिळालं ते तुझ्यामुळे. चांगली कृती कुणामुळे मिळाली, ते कुणालाच विचारता येत नाही.

पण छापा-काटा तन्वीसाठीही एकदा पडलेला आहे. तिच्या जन्माच्याही आधी. फक्त तो कसा पडलाय ते आपण कुणी बघितलं नव्हतं. आता माझा जीव तिथे अडकला होता.

वहिनीला म्हटलं, तिचं रक्त तपासू. ती एकदम उठून उभी राहिली. "ताई, चेडवाच्या नावाक रोग लावू नका. उद्या तिका कोण करून घेतलो?"

"लग्नाचं कसलं घेऊन बसलीस? पोरगी राहिली पाहिजे ना आधी."

"तुमी सोप्या बोलतास. चेडू माजा आसा."

आणि आई तर त्याहून कडक. "देवीक इचारल्याशिवाय तिका सुई लावूची नाय." तेही सुतक फिटल्यावर. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही. यंदा घरात गणपतीही आला नाही. लोकांच्या आरत्या ऐकू येत होत्या आणि मी एकेक दिवस ढकलत होते. मला माहीत आहे, एवढ्याशा दिवसांनी तन्वीच्या शरीरात काही फरक पडणार नव्हता. हे मी वर्गात ठामपणे सांगेन. घरात मात्र ती जिना चढून धापा टाकत आली तरी मी हातातलं काम टाकून तिचे श्वास मोजत बसायचे. ती मला म्हणाली, "आते, तू माज्याकडे अशी कित्याक बघतंस?" त्यानंतर मी बघायचंही चोरून बघू लागले.

सुतक फिटलं आणि आम्ही कौल लावायला देवळात गेलो. देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझी भीती सांगू? डावीची. पाण्याचा एक थेंब, वाऱ्याची एक झुळूक, आणि आई पुढची दहा वर्षं म्हणत राहिली असती, देवीन नाय म्हटला. मी आईशी भांडू शकते. देवीशी भांडायला माझी पदवी पुरत नाही.

गुरवाने विचारलं, काय इचारूचा? आई माझ्याकडे वळली. "तू शिकलंस. तूच सांग नीट."

बस, दादा. मला तेवढंच हवं होतं. मी गुरवाच्या जवळ जाऊन सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसू दाबलं, आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बाय माउली, ह्या लेकराच्या रगताची तपासणी करूची आसा. ती मालवणात करूची आसात तर उजवी दी, ओरोसाक करूची आसात तर डावी दी."

आईने हात जोडले. वहिनीने जोडले. पाकळ्या काही पडेनात. मी, जी ह्या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही, ती श्वास रोखून दगडाकडे बघत होते. दोन्ही तशाच राहिल्या तर? ह्याचा विचारच मी केला नव्हता. पाणी निथळत होतं, गुरव पुन्हा पुन्हा आळवत होता. मग डावी पडली. आई म्हणाली, "ओरोसाक जावा. देवीन सांगितला."

देवळाच्या पायऱ्या उतरताना वहिनी माझ्या शेजारी आली. आई पुढे गेल्याची खात्री करून हळूच म्हणाली, "ताई, 'नाय' खंयच्या पाकळयेत होता?"

"खंयच्याच नाय."

ती थांबली. मला वाटलं, आता चिडणार. ती हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, उद्याच जावया.

सकाळी उपाशीपोटी एसटीने ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेलो. तन्वी खिडकीशी. कट्टा गाव मागे गेल्यावर तिने बाहेर बघतच विचारलं, "आते, बाबांका दुखला काय गो?" मी म्हटलं, थोडा. माहीत नाही, दादा. मला ते माहीत नाही, आणि खोटंही सांगवेना, खरंही सांगवेना, म्हणून थोडा. तिने मान हलवली. सुई टोचली तेव्हा तिने बघितलं, वहिनीने तोंड फिरवलं.

अहवाल आधी माझ्या फोनवर आला. मी कॉलेजात प्रात्यक्षिक घेत होते. मुलं नळ्या धरून उभी होती आणि मी आकडा वाचत होते. पुन्हा वाचला. मुलांना म्हटलं, जरा थांबा, आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. तन्वीचा आकडा तुझ्याच रांगेतला होता. मी तिथे बसून पहिल्यांदा काय विचार केला असेल? पावसाळ्यात ही गोळी घेईल ना? पंधराव्या वर्षी बंड करेल, तेव्हा? हॉस्टेलला जाईल, तेव्हा कोण बघेल? लग्न होईल, मूल राहायची वेळ येईल, तेव्हा गोळी थांबवावी लागेल, तेव्हा तिला कोण सांगेल की थांबव, आणि नंतर पुन्हा सुरू कर म्हणून कोण सांगेल? आणि तेव्हा मी असेन का? सगळं एकदम. माझं डोकं असंच आहे.

ओरोसच्या डॉक्टरीण बाईंनी पुन्हा तपासून घेतलं. तेच आलं. त्या शांत होत्या. म्हणाल्या, ह्या वयात कळलं ते चांगलं झालं, रक्तवाहिन्या अजून साफ असणार, गोळी लहान मात्रेत सुरू करू, दर काही महिन्यांनी बघत राहू. तुझ्या बाबतीत ही वेळ कधी आलीच नाही. तुझ्या अकराव्या वर्षी कुणी रक्त तपासलं नव्हतं, आणि तपासलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं. तन्वीने विचारलं, गोळी कडू असते का? बाई म्हणाल्या, गिळायची, चघळायची नाही. वहिनीने गोळ्यांची पट्टी घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि कंबरेच्या पिशवीत ठेवली.

एसटी स्टँडवर आम्ही सावली बघून उभ्या राहिलो. तन्वी मालवण गाडीची पाटी शोधत पुढे गेली होती. मी मनात तयारी करत होते. वहिनी आता रडेल, मग कोणाला सांगायचं नाही म्हणेल, मग आपण काय बोलायचं. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वर्सां घेवची ही गोळी?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "जन्मभर."

गाडी आली, गेली, आमची नव्हती.

"जन्मभर म्हणजे? म्हातारी होयसर?"

"होय," मी म्हटलं. "म्हातारी होईपर्यंत."

वहिनीने पिशवीवर हात ठेवला. पाटीकडे वर बघत उभ्या असलेल्या पोरीकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"मगे चलात ही गोळी," ती म्हणाली.